विहारात दुसरी बॅटरी

साधू-साध्वींच्या विहाराचा वेग आणि मोटारीचा वेग यांचा मेळ कधी बसत नाही, हे विहारसेवा करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. पायी चालणाऱ्यांना जे अंतर कापण्यास तीन तास लागतात, ते गाडी वीस-पंचवीस मिनिटांत संपवते आणि मग दिवसभर एखाद्या शाळेच्या आवारात वा वडाच्या सावलीत उभी राहते. हा फरक आजवर मला केवळ सोयी-गैरसोयीचा वाटे. यंदाच्या ज्येष्ठात मात्र त्याने आमच्यापुढे विजेचे एक गणित उभे केले आणि त्या गणिताच्या एका टोकाला आईचा श्वास होता.

माझ्या संसारपक्षी भगिनीला दीक्षा घेऊन बारा वर्षे झाली. चातुर्मासासाठी त्यांच्या ठाण्याचा विहार नाशिकहून सिन्नर, संगमनेरमार्गे पुण्याच्या दिशेने व्हायचा होता. नाशिक ते संगमनेर हे सत्तर-एक किलोमीटर म्हणजे सहा दिवसांचा विहार. ‘हे सहा दिवस मला महासतीजींच्या सोबत राहायचे आहे,’ असे आईने सांगितले. तिचे वय ७६. चालणे होत नाही, हे तिलाही मान्य होते. ती गाडीने पुढे जाऊन मुक्कामी थांबणार होती. अडचण रात्रीची होती. आईला झोपेत श्वास थांबण्याचा विकार आहे. नाकावर मुखवटा बसवून ठरावीक दाबाने हवा सोडणारे यंत्र, ज्याला सीपॅप म्हणतात, त्याच्यावाचून तिने झोपू नये, असा डॉक्टरांचा स्पष्ट आदेश आहे. आणि विहारातील मुक्काम म्हणजे कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, कुठे मंदिराचा सभामंडप. तिथे वीज असली तरी ती रात्रभर राहील, याची हमी कोणी द्यावी?

माझ्या चुलतबंधूंनी सहकुटुंब तीर्थयात्रेसाठी एक कॅराव्हॅन घेतली आहे. झोपण्याच्या चार जागा, लहानसा ओटा, पाण्याची टाकी असा तिचा संसार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशी वाहने आपल्याकडे अधूनमधून दिसू लागली आहेत. परंतु त्यांची मूळ कल्पना अशी की, रात्री ती एखाद्या सुसज्ज तळावर थांबावीत आणि तिथली वीज केबलने आत घ्यावी. बाहेरची वीज नसेल तेव्हा या गाडीतील दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप हे सारे इंजिनाच्या एकुलत्या एका बॅटरीवर चालत.

ही इंजिनाची बॅटरी कोणत्या कामासाठी घडवलेली असते, हे समजून घेतल्याखेरीज पुढचे काही उमगणार नाही. डिझेलचे इंजिन सुरू करताना सेल्फला काही सेकंद दोन-तीनशे ॲम्पिअर इतका प्रचंड प्रवाह लागतो. तो एकदम देता यावा म्हणून या बॅटरीतील शिशाचे पत्रे पातळ आणि संख्येने अधिक असतात. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तिची तूट लगेच भरून काढतो. म्हणजे ती खर्च करते क्षणभर आणि उरलेला सारा काळ भरलेली राहते. तिच्यातून रात्रभर थोडी थोडी वीज काढून तिला रिती करणे हे तिच्या प्रकृतीविरुद्ध आहे. असे दहा-वीस वेळा घडले की पत्रे खराब होतात. आणि त्याआधीच एखाद्या पहाटे गाडी सुरू होत नाही. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर ही बॅटरी म्हणजे दुकानाचे मुद्दल होय. घरखर्च त्यातून करायचा नसतो. घरखर्चाला वेगळी थैली लागते.

ही वेगळी थैली म्हणजे दुसरी बॅटरी. आमच्या गावातील गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे मिस्त्री अनुभवी आहेत. त्यांनी पहिला उपाय सुचवला तो अगदी सोपा: ‘शेठ, दोन्ही बॅटऱ्या जोडून टाकू, ताकद दुप्पट होईल.’ ताकद दुप्पट होईल हे खरे. परंतु जोडलेल्या दोन बॅटऱ्या एकदमच भरतात आणि एकदमच रित्या होतात. रात्रभर यंत्र चालून सकाळी दोन्ही बसल्या, तर आई गाडीत आणि गाडी रानात. थैल्या दोन केल्या, पण त्यांना तळाशी भोक पाडून एकमेकींना जोडले, तर त्या दोन राहत नाहीत. ही उपमा ऐकून मिस्त्री हसले आणि मग आम्ही दोघे मिळून नीट विचार करू लागलो.

दोन बॅटऱ्या अलग ठेवून एकाच अल्टरनेटरवर भरण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग रिलेचा. इंजिन चालू होऊन पहिल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १३.३ च्या वर गेले की रिले दुसरी बॅटरी जोडतो. इंजिन बंद होऊन ते १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. शिशाच्या दोन बॅटऱ्यांसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी हा मार्ग स्वस्त व पुरेसा आहे. परंतु अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणकाच्या आज्ञेने कमी-जास्त होत राहते, तिथे रिलेचा गोंधळ उडतो. दुसरा मार्ग डीसी-डीसी चार्जरचा. तो पहिल्या बॅटरीच्या बाजूने वीज घेतो, तिचे व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवे तसे करून देतो आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह जाऊ देत नाही. आम्ही हा घेतला, ३० ॲम्पिअरचा.

दुसरी बॅटरी केवढी असावी, हे मात्र दुकानदार सांगू शकत नाही. ते आपल्या गरजेवरून ठरते आणि गरज मोजावी लागते. एका संध्याकाळी आई, चुलतबंधू आणि मी वही घेऊन बसलो. हिशेब साधा आहे: उपकरणाचे वॅट गुणिले तास, भागिले १२ व्होल्ट; उत्तर ॲम्पिअर-तासांत येते.

आई सूर्यास्तापूर्वी चौविहार घेते, प्रतिक्रमण करून नऊला झोपते आणि चारला उठते. म्हणजे यंत्र सात तास. त्याच्यातील हवा ऊबदार व दमट करणारा भाग बंद ठेवला, तर ते सरासरी ३० वॅट घेते. तो चालू ठेवला तर दुपटीहून अधिक. उन्हाळ्यात तो काही दिवस बंद ठेवण्यास हरकत नाही, असे डॉक्टरांना विचारून घेतले. (हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे, माझ्या लेखावर विसंबू नये.) त्या यंत्राला २४ व्होल्ट लागत होते. १२ व्होल्टचे आधी इन्व्हर्टरने २३० करावयाचे आणि पुन्हा यंत्राच्या अडॅप्टरने २४ वर आणावयाचे, या हेलपाट्यात बरीच वीज वाया जाते. म्हणून १२ चे थेट २४ करणारा जोड घेतला. एवढे करून यंत्राचे २० ॲम्पिअर-तास झाले. १५ वॅटचे दोन पंखे सात तास, त्यांचे १८. दोन दिवे तीन तास, अडीच. पाण्याचा पंप दिवसातून एकूण वीस मिनिटे, दोनच्या आत. तीन मोबाइल, चार. बेरीज ४६ झाली.

चुलतबंधूंना या यादीत लहान फ्रिज हवा होता. त्याचे दिवसाचे ४० ॲम्पिअर-तास धरले, तर बॅटरी जवळजवळ दुप्पट घ्यावी लागली असती. आईने विचारले, ‘त्यात ठेवायचे काय?’ बासी अन्न आपण खात नाही, दूध गावात रोज ताजे मिळते, पाणी तर उकळलेलेच प्यायचे. बंधूंना उत्तर देता येईना. आई रोज सकाळी चौदा नियम घेते. वाहन, शयन, द्रव्य या साऱ्यांची त्या दिवसापुरती मर्यादा ठरवते. मी ते लहानपणापासून पाहत आलो आहे. पण त्या पद्धतीने कोणी विजेची यादी तपासताना मी प्रथमच पाहिले, आणि तिला ते मुळीच नवे वाटत नव्हते.

बॅटरीच्या जातीविषयी थोडे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे ४६ साठी किमान १०० ॲम्पिअर-तासांची घ्यावी लागते आणि ढगाळ दिवसांचा विचार केला तर १५० ची. घरातल्या इन्व्हर्टरची तशी उंच बॅटरी गाडीत ठेवण्याची मिस्त्रींची सूचना होती. ती पन्नास किलोहून जड, हिंदकळणारे आम्ल पोटात आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जिथे माणसे झोपणार तिथे ती नको, यावर मी अडून राहिलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा किलोंची असते, तिच्यातील ८० निर्धास्त वापरता येतात आणि ती दोन हजारांहून अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. किंमत बरीच जास्त. तिचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा: शिशाची बॅटरी थकली की दिवे मंद होऊन सूचना मिळते; लिथियमची बॅटरी फार उतरली की तिच्या आतील संरक्षक यंत्रणा वीज एकदम तोडते. मध्यरात्री आईचे यंत्र असे बंद पडणे आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून किती आले व किती गेले हे मोजणारा मापक बसवला आणि २० उरले की घंटा वाजेल अशी व्यवस्था केली.

वायरची जाडी हा कंजुषी करण्याचा विषय नव्हे. इंजिनाजवळची बॅटरी आणि मागच्या बिछान्याखालची दुसरी बॅटरी यांत पाच मीटरचे अंतर, जाऊन-येऊन दहा. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ३० ॲम्पिअर नेले तर वाटेतच जवळजवळ ०.८६ व्होल्ट गळतात आणि त्याची उष्णता होते. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही गळती ०.३२ वर येते. आम्ही १६ ची घेतली. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवला. एकच का पुरत नाही? कारण या वायरीला दोन्ही बाजूंनी वीज पुरवणारा आहे. मधेच कुठे आवरण घासून तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले, तर दोन्ही बॅटऱ्या आपापल्या बाजूने त्या ठिणगीला खाऊ घालतील.

आता तो वेगाचा प्रश्न. लांबच्या यात्रेत गाडी रोज पाच-सहा तास धावते. ३० ॲम्पिअरचा चार्जर दीड-दोन तासांत ४६ ची भरपाई करून मोकळा होतो. विहारात गाडी धावणार पंचवीस मिनिटे. तेवढ्यात मिळतात बारा. रोज खर्च ४६ आणि जमा १२, असे खाते दोन रात्रींत संपते, तिसरी रात्र अंधाराची. उपाय म्हणून रोज संध्याकाळी तास-दीड तास इंजिन नुसते चालू ठेवावे, असे एका परिचितांनी सुचवले. साध्वीजींच्या मुक्कामाबाहेर, स्वाध्यायाच्या वेळी, डिझेलचा धूर आणि घरघर! अनर्थदंड म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडणार नाही. आम्ही छतावर २०० वॅटचे सौर पॅनेल बसवले. छतावर ते आडवे असते, उन्हाने तापते, त्यामुळे कागदावरील आकडा कधीच मिळत नाही. तरी निरभ्र दिवशी ४५ ते ५० ॲम्पिअर-तास जमा होतात, असे चार दिवस घराच्या अंगणात तपासून पाहिले.

निघण्याआधी आम्ही दर्शनाला गेलो. महासतीजींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘ही गाडी कोणाच्या निमित्ताने आहे?’ प्रश्नाचा अर्थ आम्हा सर्वांना कळला. साध्वींसाठी म्हणून काही केले, तर ते त्यांना दोषाचे. आईने हात जोडून उत्तर दिले, ‘माझ्या श्वासाच्या निमित्ताने आहे, महाराज साहेब. आपल्यासाठी तिच्यात काही नाही.’ पोटच्या मुलीशी असे बोलताना तिचा स्वर जराही हलला नाही. माझे मात्र लक्ष कुठेतरी दुसरीकडे वळवावे लागले.

वीज सजीव की निर्जीव, यावर आपल्या परंपरांत मतभेद आहेत आणि तो निर्णय माझ्यासारख्या कापड विकणाऱ्याने करण्याचा नाही. परंतु ज्यांनी तिचा त्याग केला आहे त्यांच्या शेजारी ती वापरायची, तर काही मर्यादा आपणच ओळखाव्या लागतात. कारण साध्वीजी ‘दिवा बंद करा’ असेही सांगणार नाहीत. म्हणून गाडीतील दिवे मंद, बिछान्याच्या उंचीवर आणि खाली तोंड केलेले बसवले. खिडक्यांना दुहेरी पडदे लावले. गाडी नेहमी अशी उभी करायची की दार मुक्कामाच्या खोलीकडे नसेल. पंपाची अडचण आईच्या लक्षात आली, आमच्या कोणाच्या नाही. नळ उघडताच पंप चालू होतो. गोचरीच्या वेळी बहरावणाऱ्याचा हात चुकून नळाला लागला, तर तो असूझता होईल. तिने ओट्यावर एक पितळेचे पातेले ठेवले. सकाळीच पाणी काढून, उकळून, त्यात भरायचे आणि गोचरीची वेळ टळेपर्यंत नळाला कोणी हात लावायचा नाही.

पहिले तीन दिवस लख्ख ऊन होते. पहाटे मापकावर ५४ दिसत आणि दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा १००. पत्नी आणि आई गाडीत झोपत, मी आणि चालक शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा गावातील एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या माळ्यावर. सिन्नर ओलांडल्यावर, नांदूर शिंगोटेच्या अलीकडे, आभाळ भरून आले. वळवाचे ढग असतील, दुपारी उघडेल असे वाटले, उघडले नाही. चौथ्या दिवशी पॅनेलने जेमतेम पंधरा दिले, गाडीने बारा. रात्रीला ८१ होते, सकाळी ३५ उरले. पाचव्या दिवशीही तेच. संध्याकाळी ६२, आणि नेहमीचा खर्च केला तर पहाटे १६, म्हणजे घंटेच्या खाली. शाळेतली वीज दुपारपासून गेलेली.

मी वही काढली. आईने ती न पाहताच सांगितले, ‘एक पंखा बंद कर, मोबाइल कोणी लावू नका.’ पत्नीने आपल्या डोक्याकडचा पंखा बंद केला. तेवढ्याने १३ वाचले. मी त्या रात्री वऱ्हांड्यातून दोनदा उठून गाडीपाशी गेलो. आतून यंत्राचा संथ, एकसारखा आवाज ऐकला आणि परत आलो. मापक पाहण्यासाठी दार उघडावे लागले असते, आणि दार उघडले असते तर आई जागी झाली असती. पहाटे चारला तिने मुखवटा काढला तेव्हा आकडा २९ होता. बाहेर अजून काळोख. आईने दिवाही लावला नाही. अंधारातच आसन पसरून ती रात्रीच्या प्रतिक्रमणाला बसली. शाळेच्या खोलीतून साध्वीजींच्या पाठाचा मंद ध्वनी येत होता. सूर्योदय होताच ठाणे पुढे निघाले आणि आम्ही तासाभराने. पहिल्या बॅटरीला पाच रात्रींत कोणी स्पर्श केला नव्हता. सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले.

संगमनेरला संघाच्या अतिथिगृहात बाहेरची वीज मिळाली आणि दुसरी बॅटरी रात्रभर निवांत भरली. दुसऱ्या दिवशी महासतीजी चंदनापुरी घाटाच्या दिशेने पुढे जाणार होत्या. मांगलिक ऐकल्यावर आई बराच वेळ त्यांच्याजवळ बसली. दोघी काय बोलल्या ते मी विचारले नाही. परतताना गाडीत ती म्हणाली की मधल्या काळात महासतीजींच्या टाचांना फार भेगा पडल्या आहेत. नंतर सिन्नरपर्यंत ती काही बोलली नाही.

कार्तिकात चुलतबंधू हीच गाडी घेऊन सम्मेदशिखरजीला जाणार आहेत. रोजची धाव मोठी असल्याने त्यांना पॅनेलची फारशी गरज पडणार नाही, हे मी त्यांना आकड्यांनिशी दाखवले. ते आनंदले आणि म्हणाले, मग आता फ्रिज बसेल. त्यांना मी आईकडे पाठवले आहे.